ओव्हन कोणी पुसायचा?

लेडीज हॉस्टेलच्या पँट्रीच्या दारावर या टर्मच्या सुरुवातीला एक नोटीस लागली. भाषा जरा कडक आहे, पण मथितार्थ एवढाच : ओव्हनमधून धूर येतो, वास कॉरिडॉरभर पसरतो, म्हणून यापुढे दर शनिवारी मावशी ओव्हन साफ करतील, आणि तरीही हीच अवस्था राहिली तर ओव्हन स्टोअर रूममध्ये जमा होईल. नोटीस वाचून मुलींनी चक्क टाळ्या वाजवल्या. म्हणजे 'मावशी साफ करतील' इथपर्यंत वाचून वाजवल्या. पुढचं कोणी वाचलंच नाही!

माझा या नोटीशीला विरोध आहे. ओव्हन वाचावा म्हणून नाही (बरं, थोडासा त्यासाठीही, महिन्याला किमान चार वाढदिवस येतात आणि बाहेरच्या केकचे भाव काय झालेत ते बघा). विरोध आहे तो 'मावशी साफ करतील' या तीन शब्दांना. कारण त्या शनिवारसाठी पँट्रीच्या कपाटात काय आणून ठेवलंय ते मी पाहिलं. ओव्हन क्लीनरचा स्प्रे. लेबलवर बारीक अक्षरांत सोडिअम हायड्रॉक्साइड, आणि ते बारीक अक्षर इंग्रजीत. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. ग्लोव्हज कपाटात नव्हते.

मुलांच्या हॉस्टेलमधले वाचक म्हणतील, आमच्याकडे ओव्हनच नाही, आम्ही हे का वाचावं? तुमच्याकडे इंडक्शन आहे आणि तो कोणत्या खोलीत कशाखाली असतो हे रेक्टर सर सोडून सगळ्यांना माहीत आहे. शिवाय तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी फ्रिजवर किंवा माळ्यावर एक ओव्हन असणारच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आख्खा महाराष्ट्र केक करायला शिकला आणि नंतर विसरला. तो ओव्हन आता वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी नानकटाईसाठी खाली उतरतो आणि पहिल्याच घाण्याला सगळ्या घरात धूर करतो. तेव्हा जरा वाचाच.

आता मुद्द्यावर येते. मी मेकॅनिकलची. आपल्याला सेमिस्टरभर 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' शिकवतात, आपण त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहितो, आणि आपल्याच पँट्रीतल्या दीड हजार वॅटच्या भट्टीचं मेंटेनन्स मात्र 'घरकाम' समजून दुसऱ्याकडे ढकलतो. होय, भट्टीच. ओव्हन म्हणजे दुसरं काय? बंद पेटी, आत उष्णता, आत माल. फरक फक्त टेंपरेचरचा.

आणि भट्टी कशी राखायची हे कोल्हापूरला कोणी बाहेरून येऊन शिकवावं लागत नाही. शिवाजी उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, शिरोली... आपल्या आजूबाजूला फाउंड्र्याच फाउंड्र्या. ज्या फाउंड्रीत अजून कपोला भट्टी आहे तिथे इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात तर कास्टिंगच्या लाल धारेचे फोटो काढून परत येऊ नका, शेवटपर्यंत थांबा. हीट संपली की कपोल्याच्या तळाचे दरवाजे उघडतात आणि उरलेला कोक, स्लॅग, सगळं खाली पाडतात. भट्टी थंड झाल्यावर माणूस आतली चिकटलेली मळी छिन्नीने काढतो, जिथे अस्तर खाल्लं गेलंय तिथे फायर क्लेचं लिंपण करतो, आणि मगच पुढची हीट लागते. 'आज नको, महिन्याने एकदम करू' असं तिथे कोणी म्हणत नाही, कारण तसं केलं तर पुढच्या हीटला भट्टीच राहणार नाही.

गुऱ्हाळावर तेच. माझं घर सांगलीत, पण आजोळ शिरोळ तालुक्यात, त्यामुळे सुट्टीत गुऱ्हाळ बघितलेलं आहे. रस तापायला लागला की वर मळी येते, भेंडीच्या चिकट पाण्याने ती गोळा होते आणि गुळव्या ती काढत राहतो, आदण उतरेपर्यंत. आदण उतरल्यावर काहील कोरडी ठेवून लोक चहाला जात नाहीत. खाली चुलवाण पेटलेलं असतं, तळाशी राहिलेला गूळ जळून कोळसा झाला तर पुढच्या आदणाचा रंग गेलाच म्हणून समजा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मिळालं ते ज्या रंगा-चवीसाठी, त्यात या वेळच्या वेळी धुण्या-पुसण्याचाही वाटा आहे असं मला वाटतं.

आणि घरातली चूल? आजी सकाळी उठून आधी राख काढायची, मग पोतेऱ्याने चूल सारवायची, मग विस्तव. ती राख फेकून द्यायची नाही, भांडी घासायला ठेवायची. लाकडाच्या राखेत पोटॅशिअम कार्बोनेट असतं, म्हणजे अल्कली. अल्कली तेलकटपणा धरते आणि पाण्याबरोबर सोडून देते. उलट तांब्या-पितळेचा डाग चिंचेने किंवा लिंबाने जायचा, कारण तो धातूचा ऑक्साइड, त्याला ॲसिड लागतं. तेलाला अल्कली, धातूच्या डागाला ॲसिड. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत जे मला दोनदा वाचून कळलं ते आजीच्या मोरीत दोन वाडग्यांत ठेवलेलं असायचं.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. जो भट्टी चालवतो तोच (किंवा त्याच्याच टोळीतला कोणीतरी) ती साफ करतो, आणि दर वेळी करतो. आपल्या पँट्रीत चालवणाऱ्या चाळीस आणि साफ करणारी एक, तीही आठवड्याने. आठवड्यात त्या तेलाचं काय होतं ते आता सांगते, कारण सगळी गोम तिथे आहे.

बिडाचा तवा माहीत आहे ना? नवा तवा आणला की त्याला तेल लावून तापवतात, पुन्हा लावतात, पुन्हा तापवतात. हळूहळू काळा, गुळगुळीत, धुतला तरी न जाणारा थर तयार होतो आणि मग डोसा चिकटत नाही. हा थर म्हणजे तेलाचं पॉलिमर झालेलं असतं. गरम केल्यावर तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात, द्रवाचं प्लास्टिकसारखं घट्ट काहीतरी बनतं. ओव्हनच्या भिंतीवर उडालेलं बटर आणि चीजचं तूप याच वाटेने जातं. पहिल्या दिवशी ते नुसतं तेल असतं. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि फडकं, संपला विषय. दोन-तीनदा २०० अंशांवर तापलं की चिकट पिवळा राळेसारखा थर. आणखी तापलं की तपकिरी, मग काळा. म्हणजे एकाच डागाला सोमवारी फडकं पुरतं आणि शनिवारी कॉस्टिक लागतं. कॉस्टिकची गरज आपण तयार केलेली आहे!

इथेच एक दिलासाही देऊन ठेवते. सगळेच डाग काढायचे नसतात. ट्रेवर जो जुना, कोरडा, हाताला न लागणारा तपकिरी रंग असतो तो तव्याच्या थराचाच भाऊ आहे; तो धूर करत नाही, वास देत नाही, त्याच्याशी कुस्ती खेळू नका. धूर येतो तो चिकट, ओल्या तेलाचा आणि खाली पडलेल्या चुऱ्याचा. बोट फिरवून बघा. चिकटलं तर काढा, नाही तर राहू दे. ओव्हन शोरूममध्ये ठेवायचा नाहीये.

आता त्या स्प्रेबद्दल. कॉस्टिक वाईट नाही, ते प्रचंड प्रभावी आहे. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण तयार होतो, सॅपॉनिफिकेशन, आणि साबण पाण्याने निघून जातो. प्रश्न असा की आपल्या त्वचेतही तेल आहे. कॉस्टिक बोटांना लागलं की बुळबुळीत लागतं, ते बुळबुळीत म्हणजे आपल्या कातडीच्या चरबीचाच साबण होत असतो. ॲसिड लागलं तर माणूस लगेच ओरडतो. अल्कली बऱ्याचदा सुरुवातीला फार दुखत नाही, त्यामुळे माणूस काम करत राहतो आणि ती आत आत जात राहते. डोळ्यात गेली तर ॲसिडपेक्षा जास्त खोल इजा करू शकते. आता आपली पँट्री डोळ्यांसमोर आणा : एक खिडकी, तीही अर्धी फ्रिजने झाकलेली, ओव्हन ठेवलाय छातीच्या उंचीवर, आणि मावशी त्यात तोंड घालून स्प्रे मारणार. फवारा उडून परत कुठे येणार?

कोणाला असं काही लागलंच तर काय करायचं हे सगळ्यांनी पाठ करून ठेवा. वाहत्या पाण्याखाली धुवायचं, आणि दोन मिनिटं नाही, घड्याळ लावून पंधरा-वीस मिनिटं. डोळा असेल तर पापणी उघडी धरून. लिंबू किंवा व्हिनेगर लावून 'न्यूट्रल' करायला जाऊ नका, त्या रिॲक्शनमध्ये उष्णता निघते आणि वेळ जातो. मग डॉक्टर, आणि जाताना बाटली बरोबर न्या.

दुसरी गोष्ट, जी मेटलर्जी झालेल्यांनी तरी ओळखायला हवी होती. ॲल्युमिनिअम आणि जस्त हे दोन्ही उभयधर्मी आहेत, ॲसिडमध्येही विरघळतात आणि अल्कलीतही. केकचे डबे ॲल्युमिनिअमचे. बऱ्याच स्वस्त ओव्हनच्या आतला पत्रा गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनिअमचा थर दिलेला. त्यावर कॉस्टिक म्हणजे घाणीबरोबर पत्राही खाणार, वर हायड्रोजन सोडणार. एकदा थर गेला की गंज, आणि गंजलेल्या खरखरीत पत्र्यावर तेल आणखी घट्ट बसतं. म्हणजे पुढच्या शनिवारी आणखी स्प्रे!

मग करायचं कसं? मी आणि रूम पार्टनरने गेल्या दोन रविवारी करून बघितलं, त्यावरून सांगते.

सगळ्यात आधी प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही. हॉस्टेलच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली नसेलच याची खात्री कोण देणार? प्लग हातात दिसला पाहिजे. (जाता जाता : दीड हजार वॅटला २३० व्होल्टवर साडेसहा ॲम्पिअर लागतात. तो प्लग छोट्या ६ ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये ॲडॉप्टर लावून बसवणाऱ्या इलेक्ट्रिकलच्या मुली कोण आहेत हे मला माहीत आहे.)

खूप जुना थर असेल तर प्लग काढायच्या आधी एक काम : ट्रेमध्ये दोन कप पाणी ओतून ओव्हन १२० अंशांवर वीस मिनिटं चालवायचा. वाफेने थर सैल होतो. मग प्लग काढून दार उघडं ठेवायचं आणि कोमट होईपर्यंत थांबायचं. कोमट, थंड नाही. गार झालं की चरबी पुन्हा धरते. पण तापलेल्या काचेवर गार पाण्याचं फडकं मारलंत तर काच तडकू शकते, तेवढा धीर धरा.

जाळी आणि ट्रे बाहेर काढून गरम पाण्यात साबण घालून भिजत टाका. स्टीलचे किंवा इनॅमलचे असतील तर त्या पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाकला तर उत्तमच. ॲल्युमिनिअमचे असतील तर नुसता साबण, सोडा नाही, नाही तर काळे पडतात. साखर किंवा कॅरॅमल सांडलेलं असेल तर केमिकल शोधू नका, साखर गरम पाण्यात विरघळते, फक्त वेळ द्या. एकदम कोळसा झाला असेल तर मात्र तो कशातच विरघळत नाही, खरवडायचाच. तळाशी चुऱ्याचा एक ट्रे असतो, तो बाहेर येतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या मजल्यावरच्या अर्ध्या मुलींना तो सरकतो हेच माहीत नव्हतं. त्यातून पावाचा चुरा, चीज आणि एक हेअरपिन निघाली.

आतल्या भिंतींना खाण्याचा सोडा. तीन चमचे सोड्याला एक चमचा पाणी, टूथपेस्टसारखं दाट. हे बोटाने नाही, जुन्या ब्रशने लावायचं, हीटिंग रॉड सोडून. स्टीलचा किंवा इनॅमलचा पत्रा असेल तर रात्रभर राहू द्या, पातळ थराचा असेल तर पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि आधी कोपऱ्यात लावून बघा. खाण्याचा सोडा अगदी सौम्य अल्कली आहे, त्यामुळे तो चमत्कार करत नाही. तो तीन छोटी कामं करतो : थोडं तेल सोडवतो, ओल धरून ठेवतो, आणि पुसताना बारीक वाळूसारखा घासतो, तेही काचेपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे न पाडता. मग ओल्या फडक्याने पुसायचं. तीनदा. पांढरे डाग राहिले तर पाण्यात निम्मं व्हिनेगर मिसळून त्याचं फडकं फिरवायचं.

या व्हिनेगरवरून पँट्रीत मोठा वाद झाला. सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसतं, व्हिडिओत छान दिसतं, आणि सगळ्यांना वाटतं की आता घाण पळाली. अहो, ती ॲसिड आणि अल्कली एकमेकांना संपवतायत! शेवटी उरतं सोडिअम ॲसिटेट, पाणी आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्ही पदार्थ चांगले, पण एका वेळी एक. फेसाचा उपयोग फार तर कोपऱ्यातली सोड्याची पावडर उकरायला.

फसफसण्यापेक्षा भयंकर प्रकार म्हणजे बाथरूममधल्या बाटल्या पँट्रीत आणणं. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरिन वायू. एक खिडकी असलेल्या खोलीत क्लोरिन. यावर विनोद करत नाही.

रॉडला काही लावायचं नाही, तारेची घासणी तर त्याच्या जवळपासही नाही. तुटलेली बारीक तार आत राहिली तर शॉर्ट होतो. रॉडवरचं तेल रॉड स्वतःच जाळतो. आत एका भिंतीला पातळ तांब्याची नळी दिसेल, ती थर्मोस्टॅटची, ती वाकवू नका, नाही तर २०० वर लावलेला केक कोणत्या टेंपरेचरला भाजला जाईल ते सांगता येणार नाही.

यावर आमच्या मजल्यावर एक लोकप्रिय थिअरी आहे : 'कशाला पुसायचं, फुल्लवर ठेवून जाळून टाकू.' परदेशातल्या ओव्हनमध्ये सेल्फ-क्लीनिंग असतं ना, तसं. असतं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९६३ मध्ये असा पहिला घरगुती ओव्हन बाजारात आणला. पण तो आतलं टेंपरेचर जवळपास ५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो, तेवढा वेळ दार आपोआप लॉक होतं, आणि घाणीची अक्षरशः राख होते. आपला ओव्हन २५० वर थांबतो. २५० अंशांवर तेलाची राख होत नाही, ते आणखी पक्कं होतं आणि धूर सोडतं. त्या धुरात ॲक्रोलीन असतं, डोळे चुरचुरतात ते त्याने. तव्याला आपण जे मुद्दाम करतो तेच या थिअरीत ओव्हनला होतं. आणि ५०० अंशांचे ओव्हन ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही नॉन-स्टिक भांडी आत ठेवू नका असं सांगतात. टेफ्लॉनचा थर त्या उष्णतेत विघटित होतो आणि त्याच्या वायूने पिंजऱ्यातले पक्षी मरतात.

पुसून झाल्यावर दार एक-दोन तास उघडं. मग प्लग लावून ओव्हन रिकामाच, खिडकी उघडी ठेवून, कमी टेंपरेचरवर दहा-पंधरा मिनिटं. हे फक्त वास जाण्यासाठी नाही. रॉडच्या आत नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशिअम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते. ही पावडर उष्णता जाऊ देते, वीज अडवते, पण ओल शोषते. कोल्हापूरचा पाऊस आपल्याला सांगायला नको. जून ते सप्टेंबर ओव्हन बंद राहिला तर टोकांमधून ओल आत जाते, लीकेज करंट वाढतो आणि दिवाळीच्या आधी पहिल्यांदा लावल्यावर घरातला ईएलसीबी पडतो. मग आई म्हणते ओव्हन बिघडला. बऱ्याचदा तो नुसता ओला असतो. पण वारंवार पडत असेल, किंवा हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर 'सुकेल' म्हणून चालवत राहायचं नाही, इलेक्ट्रिशियनला दाखवायचा. आणि अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर तर हे काहीच करायचं नाही.

पावसाचा विषय निघालाय तर पुराचंही लिहायला हवं, कारण आपल्यातल्या कित्येकांच्या घरात ऑगस्ट २०१९ ला पाणी होतं आणि जुलै २०२१ ला पुन्हा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या वर गेली की काय होतं हे शाहूपुरी, नागाळा पार्क, शिरोळ, सांगली, कोणालाच समजावून सांगायची गरज नाही. पाणी उतरल्यावर आपण सगळ्यात आधी काय करतो? पाईप लावून सगळं धुतो, उन्हात ठेवतो, आणि चार दिवसांनी 'चालतंय का बघू' म्हणून प्लग लावतो. ओव्हनला हे करू नका. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यामध्ये बहुधा ग्लास वूल असते, तिच्यात पुराचा गाळ बसतो आणि तो उन्हाने बाहेरून सुकल्यासारखा दिसला तरी आत ओला राहतो. थर्मोस्टॅटमध्ये गाळ, टायमरमध्ये गाळ. शिवाय ते पाणी गटाराचं, त्या पेटीत आपण अन्न ठेवणार. असा ओव्हन उघडून, वूल बदलून, मेगर लावून तपासल्याशिवाय वीज द्यायची नाही. त्याचा खर्च नव्या ओव्हनइतका येत असेल तर भंगारात द्यायचा, आणि देताना वायर कापून द्यायची, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या घरात तो पुन्हा लागणार नाही. पूर ओसरल्यावर कॉलेजची मुलं चिखल काढायला जातात, फार चांगलं करतात. इलेक्ट्रिकलवाल्यांनी पुढच्या वेळी फावड्याबरोबर एक मेगरही न्यावा.

परत पँट्रीत येते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले (म्हणून माझं मराठी असं आहे, संपादकांनी बरंच सुधारलंय). तिथे शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येकीने आपापला बेंच पुसायचा असा नियम होता. सिस्टर स्वतःचं टेबल स्वतः पुसायच्या. शाळेत शिपाई मावशी होत्या, पण बेंचवर आपण सांडलेली शाई हा त्यांचा विषय नाही, असं सरळ सांगितलं जायचं. तेव्हा राग यायचा.

काही मुली म्हणतात, मावशींना पगार मिळतो, त्यात काय एवढं? मिळतो. कॉरिडॉर, जिना, बाथरूम यांचा. ओव्हन त्यात नव्हता, तो नोटीशीने घातला, आणि त्याबद्दल पगार वाढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मी मावशींना विचारलं, तुम्हाला चालेल का? त्या म्हणाल्या, ''सांगितलंय तर करायचं, बाळ. पर ह्येला कुठनं उघडायचं त्ये दाव.'' ज्या मशीनचं दार कसं उघडतं हे माहीत नाही, त्याच्यात कॉस्टिक मारायला आपण त्यांना सांगतोय.

तेव्हा रेक्टर मॅडमना माझी विनंती अशी. स्प्रे परत करावा, त्याच पैशांत खाण्याच्या सोड्याचा मोठा डबा, दोन सुती फडकी आणि रबरी ग्लोव्हजच्या दोन जोड्या येतील. ओव्हनशेजारी एक वही दोरीने बांधावी. जी भाजेल तिने वहीत नाव आणि वेळ लिहायची, भाजून झालं की प्लग काढायचा, कोमट असताना पुसायचं, चुऱ्याचा ट्रे झटकायचा आणि सही करायची. पाच मिनिटांचं काम आहे, मी मोजलंय. पुढचीला ओव्हन घाण सापडला तर तिने आधीच्या नावाच्या दारावर टकटक करायचं, रेक्टरकडे जायची गरज नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सोड्याचं मोठं काम, मजल्यांच्या पाळीने. सुरुवात दुसऱ्या मजल्यापासून करा, आम्ही तयार आहोत. वही आणली आहे, दोरी मेसच्या काकांकडून मिळेल.